घट

सराफ बाजारात तेवीस वर्षं काट्यापाशी बसते मी.
जुना गोफ आटवायला आला
की घट किती येईल ते आधीच सांगते.
लाख जाईल, मळ जाईल, सांध्यातला डाग जाईल,
सोनं होतं तेवढंच परत मिळेल.
कुणी रुसतं. बहुतेक समजतात.

डाग म्हणजे दागिनाही,
आणि डाग म्हणजे हे,
देवीचे नव्हेत, कांजिण्यांचे,
सातवीच्या परीक्षेत खाजवलेले.
डाव्या गालावर नऊ. उजवीकडचे मोजत नाही.
शिवाय हल्ली हनुवटीखालची सैल कातडी,
गिऱ्हाइकाला हार घालून दाखवताना
आरशात हाराच्या आधी तीच येते.

डॉक्टर कोल्हे रिंग रोडला, दुसऱ्या मजल्यावर.
वैशाखात गेले, तोंडाला स्कार्फ गुंडाळून,
जळगाव पंचेचाळिसावर.
तिनं भिंग धरलं, अंगठ्यानं गाल ताणला,
आम्ही कसोटीवर घासून बघतो तशी बघितली
आणि म्हणाली, "आत्ता नाही.
या उन्हात लेझर केला तर खड्डे राहतीलच,
वर काळे ठसे पडतील. दिवाळीनंतर या."
आलेलं गिऱ्हाईक परत पाठवणारी बाई.
तिथंच माझा विश्वास बसला.

दिवाळीनंतर विचारलं, किती टंच?
"खड्डे बुजणार नाहीत. कडा मऊ होतील.
चार खेपा, महिना-दीड महिन्यानं एक.
तीस टक्के. फार तर चाळीस.
गळा थोडा आवळेल, वर्षभर, मग पुन्हा सुटेल.
वय उठून जाणार नाही,
जरा सरकून बसेल."
मग दोन फोटो दाखवले,
एकाच खिडकीचा उजेड, मान तेवढीच वळलेली,
पावडर नाही, हसू नाही.
मला दोन्हींत काही दिसेचना.
पुन्हा पाहिलं.
"हाच फरक," ती म्हणाली.

पारोळ्याहून बेबीअक्काचा फोन,
"पैसा कसाले फुकस व माय?
आते तुले कोन देखाले येस?"
मीच, अक्का. रोज साडेदहा ते आठ.
काउंटरवर आरसा आहे.

पहिली खेप मार्गशीर्षात.
तासभर बधिर करणारं मलम,
डोळ्यांवर वाट्यांसारखा चष्मा,
मग टिक टिक टिक, आणि जळक्या केसाचा वास.
कुणाचा, हे कळायला क्षण लागला.
पाच दिवस तोंड गेरूनं सारवल्यासारखं,
मग खसखशीएवढ्या खपल्या,
सकाळी उशीवर भुसा.
खाजवायचं नाही, सांगितलं होतं.
सातवीतली चूक
सत्तेचाळिसाव्या वर्षी
हात मांडीखाली दाबून दुरुस्त केली.

दोन खेपा आणखी झाल्या.
चौथी उन्हानं खाल्ली,
फाल्गुन सरता सरता टाळू तापायला लागली
आणि डॉक्टर म्हणाली, पुढच्या हिवाळ्यात बघू.
खर्च, एका जोडी बाळ्यांएवढा.

कुणाच्या लक्षात आलं नाही.
छाजेडशेठच्या नाही, गल्लीतल्या बायकांच्या नाही.
फक्त पलीकडच्या काट्यावरच्या रावजीनं
एकदा मान तिरकी केली,
"रजेवर होतीस का गं?
झोप झाल्यासारखी दिसतेस."
तीस टक्के म्हणजे हे एवढं.
मी ते लिहून घेतलं, मनातल्या वहीत, शेऱ्याशिवाय.

काल एक पोरगी आली, लग्नाची,
आईला झुमके बघू देत
स्वतः माझ्या गालाकडे बघत राहिली.
तिच्या गालांवर मुरमांनी खोदलेलं रान.
आई पैसे मोजत होती तेव्हा हळूच,
"तुमचेपण होते का?"

आहेत, म्हटलं.
ट्यूबखाली अजून नऊच.
दाराशी, दिवेलागणीच्या आधीच्या उजेडात, सहा.
दोन्ही आकडे तिला दिले
आणि झुमके वजनाला घेतले.